स्टेअरिंग हलकं पडतं तेव्हा

जुनी स्पोर्ट्स कार चांगली की नवी, हा वाद निघाला की आमच्या कँटीनमध्ये सगळे माझ्याकडे वळून बघतात. मी स्टटगार्टजवळच्या एका कंपनीत इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगच्या ट्यूनिंगचं काम करते. नवी गाडी चालवताना तुमच्या तळहातांना जे जाणवतं, त्यातलं बरंचसं आमच्यासारख्या लोकांनी मांडीवर लॅपटॉप घेऊन, टेस्ट ट्रॅकवर फेऱ्या मारत ठरवलेलं असतं. आणि माझी स्वतःची हौसेची गाडी आहे १९९२ सालची माझदा एमएक्स-५. तिला पॉवर स्टेअरिंगच नाही. एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही, घसरती गाडी सावरणारं ईएसपी नाही. काच खाली करायची तर हँडल फिरवायचं.

'आठवडाभर सॉफ्टवेअर करतेस आणि रविवारी त्याच्यापासून पळतेस,' असं माझा एक सहकारी म्हणतो. मी पळत नाही. सोमवारी कामावर नेमकं काय शोधायचं, ते मला रविवारी त्या गाडीत कळतं.

ही गाडी अ‍ॅनालॉग आहे म्हणजे तिच्यात इलेक्ट्रॉनिक्स नाही असं मात्र समजू नका. बॉनेट उघडलं की एअर फिल्टरला लागून एक चौकोनी डबी दिसते. तिच्यात एक झडप आहे. इंजिन हवा ओढतं तशी ती झडप ढकलली जाते, तिला जोडलेला सेन्सर फिरतो आणि किती पेट्रोल सोडायचं ते कॉम्प्युटरला कळतं. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली तेव्हा हे तंत्र चांगलंच आधुनिक होतं. साठच्या दशकातल्या ब्रिटिश रोडस्टर्सची, म्हणजे उघड्या टपाच्या दोन आसनी गाड्यांची मजा तिच्यात होती, पण तेलगळती आणि पावसात बंद पडणारी वायरिंग नव्हती. १.६ लिटरचं इंजिन, ११५ पीएस (अश्वशक्ती), साडेनऊशे किलोच्या आसपास वजन, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, टायर १८५ मिलिमीटर रुंद. तोशिहिको हिराई यांच्या हाताखालच्या चमूनं ग्रॅमग्रॅम वजन वाचवून ती बनवली.

फरक कुठे आहे तो सांगते. माझा उजवा पाय आणि थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप यांच्यामध्ये एक तार आहे, पोलादी, हाताला लागते अशी. माझे हात आणि पुढची चाकं यांच्यामध्ये एक दांडा, एक पिनियन (छोटं दातेरी चाक) आणि एक रॅक (चाकं वळवणारी दातेरी पट्टी). मध्ये कोणी काही ठरवत नाही.

आता त्या गाडीतली मला सर्वांत आवडणारी वस्तू. डॅशबोर्डवर आरपीएमच्या काट्याशेजारी ऑइल प्रेशरचा छोटा काटा आहे. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की तो वर चढतो. तेल तापलं की आयडलिंगला खाली येतो, रेस दिली की पुन्हा वर. उन्हाळ्यात चढाची लांब वाट चढून गाडी थांबवली की तो इतका खाली येतो की नवखा माणूस घाबरेल. हा खरा काटा आहे, इंजिनच्या ब्लॉकवर बसवलेल्या सेन्सरशी जोडलेला. १९९५ च्या मॉडेलपासून माझदानं हा काटा बदलला. दिसायला जवळपास तसाच. मागे मात्र फक्त एक स्विच. प्रेशर ठरावीक मर्यादेच्या वर असलं की काटा मधोमध जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही. लोक हलणारा काटा बघून घाबरायचे आणि वर्कशॉपला तक्रार घेऊन यायचे म्हणून हे केलं, असं जुने मेकॅनिक सांगतात.

मी या काट्याबद्दल इतकं लिहिते आहे कारण माझं सगळं म्हणणं त्यात आलं. १९९४ ची आणि १९९६ ची एमएक्स-५ शेजारी उभ्या केल्या तर दोन्ही जुन्या, दोन्ही अ‍ॅनालॉग, दोन्हींना गोल तबकड्या. एकीत काटा खरं सांगतो, दुसरीत धीर देतो. गाडीचं वय, तिच्यातल्या चिप्सची संख्या, स्क्रीन आहे की तबकडी, या गोष्टींवर मी गाडी जोखत नाही. ती मला काय सांगते आणि काय लपवते, एवढं बघते.

हे बघायची सवय कोल्हापूरची. उद्यमनगरात माझ्या वडिलांचं, आप्पांचं छोटं गॅरेज होतं. प्रीमियर पद्मिनी, जीप, मेटाडोर, जे येईल ते. इंजिनातून आवाज येत असला की ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवायचे आणि मूठ कानाच्या हाडावर दाबून डोळे मिटायचे. थोडं इकडे, थोडं तिकडे. मग म्हणायचे, 'चेन बोलतीया.' उघडल्यावर चेनच सैल निघायची. गाडी हातात घ्यायच्या आधी ती स्वतः रंकाळ्यापर्यंत चालवून आणायचा त्यांचा शिरस्ता होता. 'स्टेरिंग धरलं की रस्ता हाताला कळाय पायजे बघ. न्हाई कळला तर कायतरी बिघडलंय.' इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आणि इथल्या मास्टर्समध्ये मी या वाक्यामागचं गणित शिकले.

ते गणित असं. टायर वळणात जाताना रस्त्याला चिकटून थोडा पिळला जातो. चाक जिकडे तोंड करून आहे आणि प्रत्यक्ष जिकडे चाललं आहे, त्यात काही अंशांचा फरक पडतो. त्या पिळामुळे रस्त्याचा जोर टायरच्या बरोबर मध्यावर न लागता किंचित मागे लागतो, आणि म्हणून चाकाला सरळ व्हायची ओढ लागते. ती ओढ रॅकमधून, दांड्यातून तुमच्या हातापर्यंत येते. वळण जोरात घ्याल तशी ओढ वाढते. पण एक गंमत आहे. टायरची पकड संपायच्या थोडं आधीच ही ओढ कमी व्हायला लागते, कारण टायरचा मागचा भाग आधी घसरू लागतो आणि जोर लागण्याची जागा पुढे सरकते. पकड अजून शिल्लक आहे, गाडी वळते आहे, आणि स्टेअरिंग हलकं पडायला लागलेलं आहे. म्हणजे पुढची चाकं सुटणार आहेत हे सुटायच्या आधी तुमच्या हाताला कळतं.

ओल्या रस्त्यावर हे फार स्पष्ट होतं. मुन्सिंगेनहून खाली लाउटर नदीच्या खोऱ्यात उतरणारा रस्ता आहे, झाडीतून जाणारा, वळणावळणाचा. ऑक्टोबरमध्ये त्यावर बीचची ओली पानं पसरलेली असतात. पानांवर चाक गेलं की माझ्या एमएक्स-५ चं स्टेअरिंग क्षणभर पोकळ होतं, पानं संपली की पुन्हा भरतं. वेग साठच्या आत असतो. डोळ्यांना काही दिसायच्या आधी बोटांना कळलेलं असतं, आणि पाय आपोआप सावध झालेला असतो.

आता इलेक्ट्रिक स्टेअरिंगमध्ये काय होतं? स्टेअरिंगच्या दांड्यात एक पातळ टॉर्शन बार असतो. तुम्ही किती जोर लावला तेवढा तो पिळतो, सेन्सर तो पीळ मोजतो आणि कंट्रोल युनिट मोटरला सांगतं, इतका करंट घे, इतकी मदत कर. जुन्या हायड्रॉलिक स्टेअरिंगमध्येही असाच बार असायचा, पण तो थेट तेलाची झडप उघडायचा. रस्त्याकडून धक्का आला की तेलाच्या दाबात फरक पडायचा आणि तो आपोआप हाताला लागायचा. इलेक्ट्रिकमध्ये रॅकवर मोटर बसलेली असते. मोटर लहान, पण गिअरिंगमधून जोडलेली, त्यामुळे तिचं जडत्व गिअरिंगच्या वर्गाच्या पटीत वाढून रॅकवर येतं. रस्त्याचे बारीक हादरे त्या जडत्वात आणि घर्षणात जिरून जातात. मग आम्ही सॉफ्टवेअरमध्ये घर्षण वजा करतो, जडत्व वजा करतो, स्टेअरिंग मध्यावर परत यावं म्हणून थोडा जोर घालतो, डगडग होऊ नये म्हणून थोडं डँपिंग घालतो. प्रत्येक थर उपयोगाचा असतो. सगळे थर एकावर एक चढले की हाताला लागणारं वजन छान एकसारखं होतं, आणि ते हलकं पडणं, ज्याच्याबद्दल मी वर एवढं लिहिलं, नेमकं तेच पुसलं जातं.

कुणी मुद्दाम पुसत नाही. ग्राहकांना गाडी दाखवून मतं घेतात तेव्हा बहुतेकांना 'एकसारखं, घट्ट, शांत' स्टेअरिंग हवं असतं. मध्येच हलकं पडलं की ते त्याला दोष समजतात. ऑइल प्रेशरच्या काट्याचीच ही गोष्ट आहे.

इलेक्ट्रिक स्टेअरिंग का आलं तेही सांगायला हवं, नाहीतर ते इंजिनिअरांचं खूळ वाटेल. हायड्रॉलिक पंप इंजिनच्या पट्ट्यावर सतत फिरतो. तुम्ही हायवेवर सरळ चालला आहात, स्टेअरिंगला हातही लावायची गरज नाही, तरी तो पेट्रोल खातो. मोटर लागेल तेव्हाच करंट घेते. दुसरं कारण त्याहून मोठं: लेनमध्ये ठेवणारी आणि आपोआप पार्क करणारी गाडी हवी असेल तर स्टेअरिंग फिरवणारी मोटर लागतेच. युरोपात जुलै २०२४ पासून नव्यानं नोंदणी होणाऱ्या प्रत्येक कारला लेन सांभाळणारी, वेगमर्यादेची सूचना देणारी, समोर अडथळा आला की स्वतः ब्रेक मारणारी यंत्रणा बंधनकारक झाली. वेगमर्यादेची सूचना तुम्ही बंद केली तरी पुढच्या वेळी गाडी सुरू केली की ती पुन्हा चालू.

माझा एक सहकारी त्याची जुनी पोर्श ९११ घेऊन कधीकधी येतो. ९९३ मालिकेतली, म्हणजे हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाची शेवटची पिढी. १९९८ मध्ये ती संपली. २७२ पीएस, १३७० किलो. एका उन्हाळ्यात आम्ही तिच्याबरोबर ९११ चीच नवी, ९९२ मालिकेतली करेरा एस भाड्यानं घेतली आणि बाडेन-बाडेनहून श्वार्झवाल्डहोखस्ट्रासे धरून फ्रॉयडनस्टाटपर्यंत गाड्या बदलत गेलो. नव्या गाडीचे ४५० पीएस, आठ गिअरचा, आपोआप गिअर बदलणारा पीडीके गिअरबॉक्स, मागचे टायर ३०५ मिलिमीटर रुंद. जुनीचे मागचे २४५.

नवी गाडी अप्रतिम आहे, हे आधी सांगते. खड्डा नाही, धक्का नाही, कुठल्याही गिअरमध्ये कुठल्याही क्षणी ताकद हजर. तिचं स्टेअरिंग आमच्या धंद्यातल्या लोकांनी फार मेहनतीनं केलेलं आहे, ते मला जागोजागी दिसत होतं. पण तिच्याकडून काही ऐकायचं असेल तर ज्या वेगानं जावं लागतं, त्या वेगानं त्या रस्त्यावर जाता येत नाही, जाऊही नये. मुमेलझेच्या आसपास सायकलवाले असतात, पर्यटकांच्या बस असतात. आम्ही ऐंशीनं चाललो होतो आणि ती गाडी झोपलेली होती. तिच्या क्षमतेचा चतुर्थांशही लागत नव्हता. त्याच ऐंशीला ९९३ मध्ये हाताला काम होतं. पेडल जमिनीतून वर आलेली, क्लच जड, प्रत्येक उंचवट्याला पुढची चाकं थोडी हलकी होतात ते कळतं, वळणाच्या मध्येच गॅस सोडला तर मागचं वजनदार इंजिन आठवण करून देतं. आणि माझ्या एमएक्स-५ मध्ये तेच सगळं साठला सुरू होतं.

माझ्या लेखी हा जुन्या गाडीचा सर्वांत मोठा गुण. अरुंद टायर, कमी वजन, कमी ताकद, म्हणून गाडीची मर्यादा खाली. कायद्याच्या आत, लायसन्स आणि जीव दोन्ही शाबूत ठेवून, त्या मर्यादेच्या जवळपास वावरता येतं. गाडी जितकी समर्थ होत गेली, तितकी तिच्याशी संवाद होण्याची जागा रस्त्यावरून उचलून रेस ट्रॅकवर गेली. यात इलेक्ट्रॉनिक्सचा वाटा अर्धाच. उरलेला अर्धा टायरच्या रुंदीचा आणि वजनाचा, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

गॅसच्या पेडलचंही थोडं. नव्या मॅन्युअल गाड्यांत पाय उचलला तरी इंजिनचा आरपीएम लगेच पडत नाही, क्षणभर तरंगत राहतो. एकदम थ्रॉटल बंद केला तर धुरातली घाण वाढते, म्हणून कॉम्प्युटर तो हळूहळू बंद करतो. त्या क्षणानं गिअर बदलायची लय मोडते. ज्याला हे एकदा जाणवलं त्याला ते प्रत्येक गिअरला जाणवतं. आणि स्पीकरमधून वाजणारा इंजिनचा आवाज मला मुळीच मान्य नाही. २०११ च्या बीएमडब्ल्यू एम५ मध्ये तो आला तेव्हापासून मी या बाबतीत भांडत आले आहे. इंजिन जेवढं बोलतं तेवढं बोलू द्यावं.

ईएसपीबद्दल मात्र मी कुणाला बोलू देत नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मासिकाच्या चाचणीत मर्सिडीझची छोटी ए-क्लास अचानक वळवताना उलटली. त्यानंतर मर्सिडीझनं त्या स्वस्त गाडीला ईएसपी सरसकट बसवलं, जे दोनच वर्षं आधी, १९९५ मध्ये, त्यांच्या सर्वांत महागड्या कूपेत पहिल्यांदा आलं होतं. तिथून ते सामान्य माणसाच्या गाडीत पोहोचलं. स्टेअरिंगचा कोन, चाकांचे वेग, गाडी स्वतःभोवती किती वेगानं फिरते आहे, हे बघून ते एकाच चाकाला ब्रेक लावतं. गाडी सरळ जायला लागली तर आतल्या मागच्या चाकाला, मागून सुटली तर बाहेरच्या पुढच्या चाकाला. कुठल्याही माणसाला हे जमत नाही, कारण त्याच्याकडे ब्रेकचं पेडल एकच. माझी मुलगी ज्या गाडीतून शाळेत जाते तिच्यात हे सगळं आहे, आणि नसतं तर मी ती घेतलीच नसती. जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्यानं आपण हे कवच सोडून बसतो आहोत हे नीट समजून घ्यावं. टायर जुने झाले की आधी बदलावेत, नक्षी खोल दिसली तरी. रबर कडक झालं की पावसात ते काही धरत नाही. टायरच्या बाजूवर चार आकड्यांत आठवडा आणि साल छापलेलं असतं, ते वाचायला शिकावं.

हिवाळ्यात आम्ही चाचण्यांसाठी स्वीडनच्या उत्तरेला आर्येप्लोगला जातो. गोठलेल्या तलावांवर बर्फ खरवडून ट्रॅक आखलेले असतात. तिथं ईएसपी बंद करून, चाळीसच्या वेगानं गाडी घसरवत मी जे शिकले ते कुठल्या कोर्समध्ये शिकले नाही. बर्फावर सगळं सावकाश घडतं. पुढची चाकं सुटताना स्टेअरिंग कसं मऊ होतं, मागची सुटताना ते स्वतःहून उलट्या दिशेला कसं फिरू बघतं, ते हाताला लागायला भरपूर वेळ मिळतो. तिथं दोन गाड्या एकापाठोपाठ चालवल्या की कुठली सांगते आणि कुठली गप्प बसते ते पहिल्या वर्तुळातच कळतं. आणि खरं सांगायचं तर काही नव्या गाड्या सुंदर सांगतात. २०१५ मध्ये आलेली एमएक्स-५ ची चौथी पिढी घ्या. त्या मॉडेलला पहिल्यांदाच इलेक्ट्रिक स्टेअरिंग मिळालं आणि सुरुवातीला त्यावर टीकाही झाली. पण वजन जेमतेम टनभर, टायर अरुंद, त्यामुळे मूळ माहितीच स्वच्छ येते. २०२२ मध्ये तिच्यात वळणात आतल्या मागच्या चाकाला अगदी हलका ब्रेक लावणारी युक्ती घातली, त्यासाठी एक ग्रॅमही वजन वाढलं नाही, सगळं आहे त्याच यंत्रणेच्या सॉफ्टवेअरमध्ये. गाडीचा मागचा भाग त्यानं खाली बसतो आणि चालकाला भरवसा येतो. असं इलेक्ट्रॉनिक्स मला हवं.

बाजारानंही याची दखल घेतली आहे. २०१३ ची ९११ जीटी३ फक्त पीडीके गिअरबॉक्समध्ये आली, कारण तो माणसापेक्षा जलद. चाहते नाराज झाले. २०१६ मध्ये पोर्शनं ९११ आर काढली, फक्त मॅन्युअल, फक्त ९९१ गाड्या. त्या हातोहात गेल्या आणि लगेच मूळ किमतीच्या कितीतरी पटीनं विकायला निघाल्या. २०१७ च्या जीटी३ ला मॅन्युअल परत आला. लॅप टाइम त्यानं सुधारत नाही हे घेणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. पण त्याच पोर्शनं २०२४ मध्ये ९११ च्या डॅशबोर्डमधला आरपीएमचा शेवटचा खरा काटाही काढून पूर्ण स्क्रीन बसवला. मला त्याचं वाईट वाटलं, जरी स्क्रीनवरचा आकडा तितकाच अचूक असला तरी.

दुरुस्तीचा विषय आप्पांच्या मुलीनं टाळणं शक्य नाही. माझ्या गाडीच्या गिअरच्या दांड्याखाली एक छोटी तेलाची वाटी आहे, गिअरबॉक्सपासून वेगळी. तिच्यावर दोन रबरी बूट असतात. वरचा फाटला की गरम हवा आणि आवाज आत येतो, खालचा फाटला की त्या वाटीतलं तेल उडून जातं आणि गिअर खरखरीत पडायला लागतात. कन्सोल काढा, बोल्ट काढा, दांडी उचला, जुनं काळं तेल पुसून घ्या, नवे बूट, नवं तेल. दुपारचं काम. नंतर दुसरा गिअर जो 'टक' करून बसतो तो ऐकण्यासाठी मी घराभोवती उगाच एक चक्कर मारते. हिरोशिमात माझदानं २०१७ च्या अखेरीस या पहिल्या पिढीच्या गाड्यांची दुरुस्ती स्वतः हाती घेतली आणि बंद झालेले सुटे भाग पुन्हा बनवायला सुरुवात केली. कापडी टपापासून मूळ नक्षीच्या टायरपर्यंत. इथं जर्मनीत तीस वर्षांपुढच्या, मूळ अवस्थेतल्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची एच पाटी मिळते. माझीला आहे. टीयूव्हीवाला, म्हणजे गाड्यांची सक्तीची तपासणी करणारा तपासनीस दर वेळी दाराखालच्या उंबऱ्याच्या पत्र्याला, मागच्या चाकाच्या पुढे, बोटानं टकटक करून बघतो, कारण टपाच्या पाण्याची निचऱ्याची भोकं तुंबली की ही गाडी तिथून आतून गंजते. वसंतात गाडी बाहेर काढली की मी आधी ती भोकं मऊ वायरनं साफ करते.

आज विकली जाणारी गाडी २०५५ मध्ये कोण दुरुस्त करेल? तिचं स्टेअरिंग युनिट त्या एकाच गाडीशी कोडनं बांधलेलं असतं. पत्रा ठोकून सरळ करता येतो, बूट दुसऱ्या रबराचा करता येतो. बंद पडलेल्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर कुठून आणणार? आम्ही हे बनवणारेच याचा विचार पुरेसा करत नाही, आणि ही आमच्या धंद्यातली मोठी उणीव आहे असं मी उघडपणे म्हणते.

पुण्याहून एका मुलानं मला विचारलं होतं, जर्मनीत शिकायला येतोय, थोडे पैसे जमले की कुठली जुनी स्पोर्ट्स कार घेऊ. मी त्याला सांगितलं, पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीची एमएक्स-५ बघ, उंबरे बघ, पहिल्या पिढीची असली तर टपाची प्लॅस्टिकची काच बघ, इंजिनची काळजी करू नकोस. घेण्याआधी एकदा रिकाम्या ओल्या पार्किंगमध्ये हळू वर्तुळ मार. वेग थोडा थोडा वाढव. स्टेअरिंग कधी हलकं पडतं ते शोध.

आमच्याकडे आता पुढचं काम सुरू झालं आहे, स्टीअर-बाय-वायरचं. यात स्टेअरिंग आणि चाकं यांच्यामध्ये दांडाच नाही. हातात येणारं सगळं एका छोट्या मोटरनं बनवलेलं. जुन्या गाड्यांचे माझे मित्र यावर कपाळाला हात लावतात. मला यात संधी दिसते. चाकांकडच्या मोटरला रस्त्याची ती ओढ करंटमधून कळते. हाताकडच्या मोटरनं ती हाताला द्यायची की नाही, एवढाच निर्णय उरतो, आणि तो निर्णय माणसं घेतात. चाकांकडचं घर्षण आणि जडत्व आता दांड्यातून थेट हातापर्यंत येत नाही. ठरवलं तर माझ्या १९९२ च्या गाडीइतकं स्वच्छ सांगणारी गाडी करता येईल, लेन सांभाळणारी, ईएसपी असलेली, मुलीला शाळेत सोडणारी.

बैठकीत मी हे मांडलं तेव्हा ग्राहकांच्या मतांचा तक्ता पडद्यावर आला. लोकांना स्टेअरिंग हलकं पडलेलं आवडत नाही. मी म्हटलं, ते कशासाठी आहे हे त्यांना कुणी सांगितलं होतं का? वाद बराच चालला. शेवटी येत्या हिवाळ्यात आर्येप्लोगला दोन ट्यूनिंग घेऊन जायचं ठरलं. एकात स्टेअरिंगच्या ओढीचा वक्र गुळगुळीत केलेला, दुसऱ्यात टायर जसा देतो तसा सोडलेला. कुठलं कुठलं ते चालकांना सांगायचं नाही, आणि यावेळी चालक फक्त आमचे नसतील, खरेदी आणि विक्री विभागातलेही असतील. दुसऱ्या ट्यूनिंगच्या फाईलवर मी सध्या काम करते आहे.